दावं सोडलं आणि...

आज मोहोळजवळ मामांच्या गोठ्यावर होतो. दुपारचे दोन, पत्र्याखाली नुसती भट्टी. एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन, थंड मुलखातली विदेशी जात) संकरित गाय तोंड उघडं टाकून उभी, लाळ गळत होती. मोबाईलवर मिनिट लावलं आणि तिच्या कुशीकडे बघत श्वास मोजले. ८४! साठच्या वर गेले की जनावराला ऊन बाधतंय असं समजावं. मामा म्हणाले, "उन्हाळ्यात दूध तुटतंच की रं."

दूध सोडा, मला तिचे गुडघे बघवेनात. कोब्यावर उठबस करून दोन्हींवर लिंबाएवढ्या गाठी, केस गेलेले. गाईला दिवसातले दहा-बारा तास बसून काढायचे असतात. आखूड दाव्यानं कोब्यावर ती बसणार कशी? पाणी दोन वेळा, बादलीनं. दुभत्या गाईला अशा उन्हात शंभर लिटरही लागतं. शेजारी खिलार बैल निवांत रवंथ करत होता, तो याच मातीतला. ही नाही, हे आपण विसरतो.

मामांशी थोडं वाजलं, खोटं कशाला बोलू. पण चार वाजता त्यांनीच लिंबाखालच्या मोकळ्या जागेला जाळी मारायला घेतली. सिमेंटची टाकी काठोकाठ भरली, दावं सोडलं. गाय आधी टाकीवर गेली. मान वर न करता इतका वेळ पीत राहिली की मामा गप्पच झाले. मग मातीत बसली, पाय पसरून.

सहाला परत मोजले, ५२. मामांनी स्वतः मोजले.