शिंकताना लघवी होणं आणि पेल्विक फ्लोअरचं मशीन: माझा अनुभव

दुसऱ्या डिलिव्हरीनंतर शिंक आली, खोकला आला, धाकट्याला पटकन उचललं की थोडी लघवी व्हायचीच. सासूबाई म्हणाल्या, "अगं बाळंतपणानंतर होतंच असं." हेच ऐकून कितीतरी जणी वर्षानुवर्षं पॅड लावून फिरतात, लांबचा प्रवास टाळतात आणि कुणाला सांगत नाहीत याचं मला फार वाईट वाटतं, कारण बहुतेक जणींना नीट व्यायाम केला की फरक पडतो.

डॉक्टरांनी आधी लघवी तपासून इन्फेक्शन नाही ना ते बघितलं आणि पेल्विक फ्लोअर, म्हणजे ओटीपोटाच्या तळाशी लघवी रोखून धरणारे स्नायू, त्यांचं काम करणाऱ्या फिजिओकडे पाठवलं. मॅडमनी ग्लोव्हज घालून आतून बोटाने तपासलं. "लघवी आणि गॅस दोन्ही एकदम रोखल्यासारखं आत-वर ओढा, श्वास रोखू नका, पोट आणि मांड्या ढिल्या." त्या म्हणाल्या बऱ्याच बायका वर ओढायच्या ऐवजी संडासला जोर लावतो तसं खाली ढकलतात, म्हणून आधी तपासणी आणि मग मशीन.

मग बोटाएवढा प्रोब, म्हणजे स्नायू किती आवळले ते मोजणारी कांडी, जेल लावून योनीत बसवला आणि समोर स्क्रीनवर एक रेषा आली. आवळलं की वर, सोडलं की खाली. माझी रेषा झटकन वर जायची पण तीन-चार सेकंदात घसरायची, आणि सोडल्यावरही तळाला यायला वेळ लावायची. म्हणजे टिकवणं आणि पूर्ण सोडणं, दोन्हीवर काम हवं होतं, हे डोळ्याने दिसलं म्हणून मला पटलं. 1948 मधे अमेरिकेतल्या डॉ. आर्नोल्ड केगल यांनी हे व्यायाम मांडले तेव्हा त्यांच्याकडेही दाब मोजायचं यंत्र होतंच, पेरिनिओमीटर, म्हणजे ही कल्पना काही आजची नाही.

घरी मी मोबाईलला जोडायचं दाबाचं मशीन घेतलं. यात एक गोष्ट लक्षात ठेवा, पोटाने जोर लावला तरी त्यातला आकडा वाढतो, त्यामुळे आकडा वाढला म्हणजे व्यायाम बरोबर झाला असं नाही. वजनाचे कोन पण मिळतात, आत धरून उभं राहायचं, मला ते जमले नाहीत. करंट देणारं मशीन ज्यांना स्नायू आवळताच येत नाही त्यांच्यासाठी, ते प्रेग्नन्सीत किंवा पेसमेकर असेल तर वापरायचं नाही.

आणि महाग मशीन परवडत नसेल तर अजिबात मन खट्टू करू नका. ब्रिटनमधे 600 बायकांवर मोठा अभ्यास झाला, 2020 मधे छापून आला, त्यात व्यायामाच्या जोडीला मशीन वापरणाऱ्या आणि नुसता व्यायाम करणाऱ्या बायकांमधे दोन वर्षांनी फरक दिसला नाही. तिथल्या सरकारी मार्गदर्शनात एका वेळी निदान 8 वेळा आवळणं, दिवसातून 3 वेळा, किमान 3 महिने असं सांगितलंय, तेही शिकवणाऱ्या माणसाच्या देखरेखीखाली. मला मशीनचा उपयोग झाला तो योग्य स्नायू ओळखायला आणि कंटाळा न येता चालू ठेवायला.

सगळ्यात लवकर कामाला आली ती मॅडमनी शिकवलेली सवय, शिंक येतेय असं वाटलं की आधी आवळायचं आणि मग शिंकायचं. ज्यांना तिथे दुखतं किंवा संबंधाच्या वेळी त्रास होतो त्यांनी स्वतःच्या मनाने सुरू करू नका, काहींचे स्नायू आधीच आखडलेले असतात आणि त्यांना ढिले सोडायला शिकावं लागतं.

आता शिंक-खोकल्याला पॅड लागत नाही. दोरीच्या उड्या मारताना अजून थोडी गळते, त्यासाठी पुढच्या महिन्यात परत मॅडमकडे जाणार आहे.