तुम्ही विचारलंत म्हणून : तेरा हजारांत भागतं का?

बारावीचा निकाल लागला की माझा फोन वाजायला लागतो. आमचं गाव पाटण तालुक्यातलं. फोन करणारे कुणी भावकीतले, कुणी वाडीवरचे, कुणी नुसते ओळखीचे. मी बारा वर्षं ठाण्याला लागून असलेल्या नवी मुंबईत, रबाळ्याला, एका लेबर कंत्राटदाराकडे पगारपत्रकं केली आणि आता दुसऱ्या एका कारखान्यात तेच काम करते, हे सगळ्यांना माहीत आहे. म्हणून विचारतात, "ताई, पोराला कंपनीत तेरा हजारांचं काम लागतंय. ठाण्याकडं तेवढ्यात भागतं का?"

दोन मिनिटांत उत्तर देता येत नाही, आणि घाईत दिलेलं उत्तर किती महागात पडतं हे मी पाहिलंय. म्हणून एकदा सविस्तर लिहिते.

आधी स्लिप नीट वाचू. तेरा हजार म्हणजे १३,४०० धरा, मूळ वेतन आणि विशेष भत्ता मिळून, २६ दिवसांचे. आपल्या पट्ट्यात हेल्परचं किमान वेतन, म्हणजे सरकारनं ठरवलेला सगळ्यात कमी दर, याच्या आगेमागे असतं. विशेष भत्ता महागाईच्या निर्देशांकाप्रमाणे जानेवारीत आणि जुलैत बदलतो, त्यामुळे आकडा थोडा हलतो. त्यावर पाच टक्के घरभाडं, म्हणजे ६७० रुपये. एकूण १४,०७०. त्यातून पीएफचे बारा टक्के १,६०८, ईएसआयचे (कामगारांच्या सरकारी विम्याचे) १०६ आणि व्यवसाय कराचे २०० गेले. हातात आले १२,१५६. हे एकही खाडा नसताना. एक खाडा पडला की ५१५ रुपये कमी.

या स्लिपमधला ६७० चा आकडा मी वर्षानुवर्षं टाइप केला आणि फार उशिरा त्याचा विचार केला. पन्नास किंवा जास्त कामगार असतील तिथे वेतनाच्या निदान पाच टक्के घरभाडं द्यावं, असा महाराष्ट्राचा १९८३ चा कायदा आहे. ६७० रुपयांत दिघ्याला खोलीचं लाईट बिल तेवढं निघतं. केंद्रानं किमान वेतनाचा हिशेब नव्यानं मांडायला अनुप सत्पथी यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली होती. तिनं २०१९ मध्ये दिवसाला ३७५ रुपये सुचवले, आणि शहरातल्या कामगाराला घरभाड्यापोटी महिन्याला साधारण १,४३० रुपये वेगळे. दिघ्यातल्या इलठणपाड्यात पत्र्याची दहा बाय दहाची खोली, संडास बाहेर, पाणी ठरल्या वेळी, हिचं भाडं पाच हजार. घणसोली गावात रूम-किचन हवं तर आठच्या पुढे बोला. वर डिपॉझिट आणि अकरा महिन्यांनी वाढ. माझं सगळं म्हणणं या एका जागी येऊन थांबतं. या पगारात जेवण धरलंय, कपडा धरलाय, पण ठाण्यातली खोली धरलेलीच नाही.

आणखी एक गोष्ट बाहेरच्यांना माहीत नसते. दुकानं आणि आस्थापनांच्या किमान वेतनात राज्यातल्या सगळ्या महानगरपालिका एकाच परिमंडळात येतात. म्हणजे ठाणे, नवी मुंबई आणि परभणी, दर एकच. परभणीकरांना कमी द्या असं मी म्हणत नाही, पण भाडं तिन्ही ठिकाणी एक नाही.

आता तुमच्या प्रश्नाकडे येते. पोरगा एकटा असेल तर भागतं. घणसोलीत पाच जणांत खोली घेतली तर वाट्याला १,६०० येतात. दोन वेळच्या डब्याचे ३,०००, पास आणि शेअर रिक्षाचे ६००, रिचार्जचे ३००, नाष्टा-चहाचे १,२००, साबण-तेल-कटिंगचे ५००. झाले ७,२००. हातात पाच हजारांना थोडे कमी उरतात. त्यातले चार तो गावी पाठवतो आणि गावात सगळे म्हणतात, मुंबईला चांगलं चाललंय. ते खोटं नाही. पण त्याला त्या खोलीत कूस बदलायला जागा नाही, आणि तापानं चार दिवस पडला तर दोन हजारांहून जास्त गेले, हेही खरं.

माझ्या आतेभावाचा मुलगा असाच आला, २०२२ च्या दिवाळीनंतर. खोपटच्या एसटी स्टँडवर मीच त्याला उतरवून घेतलं. मेहनती पोर, व्यसन नाही. पुढच्या मे महिन्यात लग्न झालं आणि त्यानं मला विचारलं, "आत्या, तिला आणू का इकडं? भागेल का?" मी म्हटलं, "आण की. दोघं मिळून करा, भागेल." नवराबायकोनं एकत्र राहावं असं मनापासून वाटत होतं, म्हणून म्हटलं. वही काढून हिशेब मांडला नाही, तो मांडायला हवा होता.

सुरुवातीला भागलंही. ती महापेला पॅकिंगला लागली, दोन पगार येऊ लागले. दिघ्याला खोली घेतली, गॅस घेतला, सेकंडहँड कपाट घेतलं. २०२४ च्या जानेवारीत दिघा गाव स्टेशन सुरू झालं तेव्हा त्याला फार आनंद झाला, चालणं वाचलं म्हणून. अकरा महिन्यांचा करार संपल्यावर मालकानं स्टेशनचंच कारण सांगून भाडं वाढवलं. त्याच वर्षी जूनमध्ये मुलगी झाली.

बाळंतपणाच्या रजेचा पगार ईएसआयकडून मिळायला हवा होता. कायद्यानं तिचा तो हक्क होता, २६ आठवड्यांचा. मी कागद पाहिले तेव्हा कळलं, तिच्या कंत्राटदारानं स्लिपवर ईएसआय कापला होता आणि भरलाच नव्हता. तक्रार कर म्हणून मी मागे लागले. ती म्हणाली, "आत्या, परत त्याच गेटवर काम मागायला जायचंय मला." यापुढे मी काही बोलू शकले नाही.

मग एका पगाराचा हिशेब सुरू झाला. या वेळी वही घेऊन बसले. खोली ५,०००, लाईट ५००, सिलिंडर ८५०, किराणा ४,०००, दूध ९००, भाजी १,५००, पास ५००, दोघांचे रिचार्ज ६००, बाळाचं ८००. एकूण १४,६५०. हातात १२,१५६. दर महिन्याला अडीच हजार कमी. यात औषध नाही, कपडा नाही, गणपतीला गावी जायचं तिकीट नाही, पाहुणा आला तर त्याचं जेवण नाही. किराण्यातला तांदूळ गावाहून येत होता म्हणून चार हजारांत बसलं, नाहीतर तेही नाही.

हे अडीच हजार त्यानं अंगातून काढले. बारा तासांची ड्यूटी धरली, महिन्यातले दहा-दहा दिवस. इथे ओव्हरटाइमबद्दल, म्हणजे ओटीबद्दल, नीट सांगते, कारण मुलांना हे कुणी सांगत नाही. कारखान्यात जादा तासांना दुप्पट दर द्यावा लागतो. दिवसाचे ५१५ धरले तर तासाचे ६४ होतात, दुपटीनं १२९. म्हणजे चार तास ओटी केली की एक अख्खी हजेरी सुटायला हवी. दहा दिवसांचे पाच हजारांवर होतात. प्रत्यक्षात बऱ्याच कंत्राटदारांकडे ओटी सिंगल असते. त्याला अडीच हजारच मिळाले. दुप्पट मिळाले असते तर पाच दिवसांतच खड्डा भरला असता आणि उरलेल्या पाच संध्याकाळी पोरीजवळ गेल्या असत्या. मी जिथे बारा वर्षं काम केलं, तिथेही ओटी सिंगलच होती. रजिस्टरवर दुप्पट दाखवायची आणि द्यायची सिंगल. ते रजिस्टर माझ्या अक्षरातलं आहे, याची मला लाज वाटते. नंतर खात्यात पूर्ण पगार जमा करून त्यातले दोन हजार रोख परत घ्यायला लागले, आणि ते गोळा करायचं काम माझ्याकडे आलं, तेव्हा मी नोकरी सोडली. किमान वेतनापेक्षा कमी पैशांत राबवणं म्हणजे वेठबिगारी, असं सर्वोच्च न्यायालयानं १९८२ मध्ये दिल्लीतल्या आशियाई खेळांच्या बांधकामावरच्या मजुरांच्या खटल्यात म्हटलंय. तो निकाल मी त्या नोकरीत असते तर वाचला नसता.

आठ महिने त्यानं असं ओढलं. एकदा रात्रीच्या गाडीत असा झोपला की दिघा मागे गेलं आणि ठाण्याला शेवटच्या स्टेशनवर सफाईवाल्यानं उठवलं. वजन उतरलं. शेवटी बायको आणि पोरगी गावी गेल्या, खोली सोडली, कपाट विकलं, आणि तो पुन्हा घणसोलीला पाच जणांत आला. आता परत भागतंय. गावचं घर आणि गावचा तांदूळ त्या दोघींना सांभाळतात, सासूबाई नात सांभाळतात, आणि कंपनीला हेल्पर तेरा हजारांत मिळतो.

फोनवर वडीलधारी माणसं मला हमखास ऐकवतात, "तुझ्या बापानं नाही का एका पगारात तीन पोरं शिकवली किसननगरात?" शिकवली, खरंच शिकवली. आमचे दादा वागळे इस्टेटमध्ये एका इंजिनीअरिंग कंपनीत होते. पण त्यांचा पगार किमान वेतनाचा नव्हता. ते परमनंट होते, युनियन होती, दर तीन वर्षांनी करार व्हायचा. कँटीनचं जेवण, बोनस, वर्षाला दोन युनिफॉर्म. दादा आम्हाला १९५७ च्या भारतीय श्रम परिषदेच्या गोष्टी सांगायचे, युनियनच्या शिबिरात ऐकलेल्या. किमान वेतन ठरवताना एका कमावत्याच्या पगारात तीन माणसांएवढं खाणं बसलं पाहिजे, असं तिथे ठरलं होतं, म्हणजे तो स्वतः एक, बायको पॉइंट आठ, दोन मुलं पॉइंट सहा-सहा. माणशी २,७०० कॅलरी. कुटुंबाला वर्षाला ७२ यार्ड कापड. घरभाडं, आणि जळण-दिवाबत्तीसारख्या इतर खर्चाला वीस टक्के. "बायकोला पॉइंट आठ कुणी ठरवलं?" असं आई विचारायची, आणि मला आजही तिचा प्रश्न बरोबर वाटतो. पुढे १९९१ मध्ये रेप्टाकोस ब्रेट कंपनीच्या कामगारांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं त्यात मुलांचं शिक्षण, औषधपाणी, सणवार, म्हातारपण, लग्नकार्य यांसाठी आणखी पंचवीस टक्के धरायला सांगितले. आतेभावाच्या पोराच्या वहीत यातलं एकही पान नव्हतं. १९४८ चा किमान वेतन कायदा आता २०१९ च्या वेतन संहितेत गेला. पण वही तीच आहे.

दादांच्या कंपनीच्या जागेवर आज आयटीवाल्यांची काचेची इमारत आहे. तिथल्या गेटवर उभा राहणारा, फरशी पुसणारा, सगळे कंत्राटी. तेव्हा दादांचा दाखला त्यांना देऊ नका.

रेशनचंही विचारतात. शहरात मोफत धान्य मिळणाऱ्या 'प्राधान्य कुटुंबा'साठी वर्षाच्या उत्पन्नाची मर्यादा ५९,००० ठेवलेली, केशरी कार्डासाठी एक लाख. १३,४०० गुणिले बारा, १,६०,८००. म्हणजे किमान वेतन खरोखर मिळवणारा माणूस खरा दाखला काढेल तर त्याला मोफत धान्य नाही. खाजगी शाळेत आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याखालच्या जागेसाठी आर्थिक दुर्बल घटकाची मर्यादाही एक लाखच. त्यामुळे लोक उत्पन्न कमी लिहून घेतात. त्यांना कुणी लबाड म्हटलं की मला राग येतो. सरकारनंच ठरवलेला सगळ्यात कमी पगार आहे हा. लाडक्या बहिणीचे दीड हजार येतात त्या घरांत त्याचा टेकू होतो, हे मी डोळ्यांनी पाहते. गावाकडे असलेल्या सुनेचं दूध-औषध त्यातच चाललंय.

तर फोन आला की मी आता उलटं विचारते. एकटा येणार की जोडीनं? पहिले दोन महिने माझ्याकडे नाहीतर कुणाकडे राहणार? डिपॉझिट कोण देणार? ओटी सिंगल की डबल, हे कामावर जायच्या आधी विचारलंय का? आणि पहिली स्लिप हातात आली की फोटो काढून मला पाठव म्हणावं. यूएएन, म्हणजे पीएफचा नंबर, असला पाहिजे, ईएसआयचा नंबर असला पाहिजे, आणि ते पैसे खरंच भरले जातात का हे मोबाइलवर बघता येतं. मी दाखवीन.

मागच्या रविवारी आतेभावाचा मुलगा आला होता. कंपनी बदलली आहे त्यानं, इथे ओटी डबल आहे, मी स्वतः स्लिप तपासली. त्यानं पुन्हा तोच प्रश्न काढला, "आत्या, तिला आणू का?" या वेळी वही त्यानंच बरोबर आणली होती. आम्ही दोघं दुपारभर बसलो. दोन पगार धरले तर सगळं बसतं, पण पोरीला पाळणाघरात ठेवायचं तर अडीच हजार, आणि शिफ्ट सुटेपर्यंत ती पाळणाघरवाली थांबत नाही. पुढच्या जूनमध्ये पोरगी तीन वर्षांची होते, मग अंगणवाडीत बसेल, दुपारनंतर शेजारच्या काकू बघतील का ते विचारायचं. दिघ्याच्या त्या खोलीचं भाडं आता साडेसहा झालंय. त्यानं जून असं लिहिलं, खाली रेघ मारली, आणि चहा न घेता नाइटला गेला.