उद्या सकाळी परत या

दांडिया बाजारातल्या एका आजींना गेल्या महिन्यात मी लागोपाठ दोन दिवस बोलावलं. पहिल्या दिवशी गुडघ्याच्या स्कॅनचे दोनदा फोटो काढून झाले आणि संध्याकाळी मी म्हणाले, "आजी, उद्या सकाळी परत या." त्यांचा मुलगा वैतागला. जुन्या वाड्याचा दुसरा मजला, उभा लाकडी जिना, आईला धरून एकेक पायरी उतरवायची, मग रिक्षा. "ताई, सगळा दिवस गेला की! अजून काय राहिलं?" त्या घाईत त्याला नीट सांगता आलं नाही, म्हणून इथे लिहिते.

मी बडोद्यात न्यूक्लिअर मेडिसिनमध्ये, म्हणजे शरीरात किरणोत्सारी औषध सोडून स्कॅन काढतात त्या विभागात, टेक्नॉलॉजिस्ट आहे. आजींचा उजवा गुडघा बदलून चौदा महिने झाले होते आणि गेले चार महिने तो रात्री, पडल्या पडल्याही ठणकायचा. एक्स-रे चांगला. मधल्या काळात कुणीतरी अँटिबायोटिक सुरू करून दिलं. ठणका थांबला, गोळ्या संपल्यावर परत आला. मग सांध्यातलं पाणी काढून कल्चरला, म्हणजे त्यात जंतू वाढतात का ते बघायला, पाठवलं, तर त्यात काहीच उगवलं नाही. नुकतंच औषध घेतलेलं असताना जंतू उगवतील कसे? याचं मला फार वाईट वाटतं. ताप चढून जिवावर बेतलं असेल तर गोष्ट वेगळी, पण एरवी बदललेला सांधा दुखायला लागला की पाणी तपासल्याशिवाय ही औषधं घेऊ नका, हे मी भेटेल त्याला सांगते. धातूवर जंतू चिकट थर करून बसतात. गोळीने ते दबतात, जात नाहीत.

आधी बोन स्कॅन झाला होता. त्यात गुडघा उजळला, आणि घरचे घाबरले. पण बोन स्कॅनचं औषध जिथे नवं हाड बनत असतं तिथे जातं. गुडघा बदलल्यावर वर्षभर, कधी त्याहूनही जास्त काळ ते काम चालू असतं. सांधा नुसता सैल झाला तरी तो उजळतो. स्कॅन साफ आला तर मोठा दिलासा. उजळला तर त्यावरून जंतूंचा निकाल देता येत नाही.

म्हणून पांढऱ्या पेशींचा स्कॅन. साधारण ५० मिली रक्त घेते. आजी सिरिंजकडे बघून म्हणाल्या, "अगं, आधीच माझं रक्त कमी!" म्हटलं, "यातल्या पेशी तुम्हालाच परत देणार आहे."

रक्तात स्टार्चचं द्रावण घालून नळी उभी ठेवली की तास-पाऊण तासात लाल पेशी तळाला बसतात. वर उरतो गढूळ पिवळसर भाग, पांढऱ्या पेशी त्यात. मग पेशी तळाला बसवायला नळ्या गरगर फिरवणारं यंत्र, सेंट्रीफ्यूज, हळू फिरवायचं, जोरात फिरवलं तर पेशी दुखावतात आणि दुखावलेली पेशी जंतूंच्या मागे जात नाही. तळाशी बसलेल्या चिमूटभर पेशींना टेक्नेशियम, म्हणजे कॅमेऱ्याला दिसणारा किरणोत्सारी पदार्थ, लावायचं, दहा मिनिटं थांबायचं, धुवायचं, गुठळी झाली नाही ना ते उजेडात धरून बघायचं. त्या वेळात हॉट लॅबमध्ये, म्हणजे किरणोत्सारी औषधं बनवायच्या खोलीत, दुसऱ्या कुणाचंही रक्त मी येऊ देत नाही. नाव दोनदा वाचते, मोठ्याने.

शिरेतून परत गेलेल्या त्या पेशी जंतू असतील तिथे गोळा होतात. पण त्या अस्थिमज्जेतही, म्हणजे हाडांच्या आतल्या गरातही, जातात, आणि कृत्रिम सांध्याभोवती मज्जा कुठे कशी सरकली असेल ते सांगता येत नाही. चार तासांच्या फोटोत दिसलेला डाग मज्जेचा की जंतूंचा, हे वेळच सांगते. मज्जेतला डाग दुसऱ्या दिवशी तेवढाच राहतो किंवा फिका होतो. जंतूंच्या जागी पेशी येतच राहतात, डाग वाढतो. तरीही शंका उरली तर मज्जेचा वेगळा स्कॅन करून दोन्ही फोटो शेजारी ठेवतात. पेशी आहेत पण तिथे मज्जा नाही, म्हणजे संसर्ग.

टेक्नेशियम दर ६ तासांनी निम्मं होतं. २४ तासांनी उरतो सोळावा हिस्सा, त्यामुळे दुसऱ्या दिवशी फोटोला बराच जास्त वेळ लागतो आणि पाय हलवून चालत नाही. आजी नऊ वाजता आल्या, डोळे मिटून रामरक्षा पुटपुटत पडून राहिल्या. पाय जराही हलला नाही. इकडे माझ्या स्क्रीनवर खालच्या हाडाशी, बाहेरच्या बाजूला, कालचा फिकट ठिपका ठळक होत गेला.

उठताना त्यांनी माझा हात धरला. "दिसलं का गं काही?"

रिपोर्टवर सही डॉक्टरांची असते, आधी मी बोलायचं नसतं. "फोटो छान आलाय आजी, डॉक्टर सांगतील," एवढंच म्हणाले. जिन्याचं आठवून मुलाला व्हीलचेअर दारापर्यंत न्यायला सांगितली.

अँटिबायोटिक बंद ठेवून दोन आठवड्यांनी पुन्हा पाणी काढलं, तेव्हा जंतू उगवले. आता जुना सांधा काढून त्या जागी अँटिबायोटिक मिसळलेल्या सिमेंटचा स्पेसर, म्हणजे तात्पुरता ठोकळा, बसवलाय, शिरेतून औषध चालू आहे. नवा सांधा गणपतीनंतर.