गावाचा उपास आणि एक बाव

नोकरीतलं माझं तिसरं वर्ष. वेंगुर्ले तालुक्यातल्या एका उपकेंद्रात मी आरोग्य सेवक होतो. आषाढाचा पाऊस आठ दिवस हटत नव्हता आणि एका वाडीत जुलाब-उलट्यांची साथ लागली. पहिल्या दिवशी चार जण, दुसऱ्या दिवशी अकरा. पिण्याच्या पाण्याची बाव, म्हणजे विहीर, एकच. तिच्या वरच्या अंगाला गोठे, कठडा एका बाजूने ढासळलेला. घाण कुठून आत उतरतेय ते उघड दिसत होतं. टीसीएलची, म्हणजे पाणी शुद्ध करायच्या ब्लीचिंग पावडरची पिशवी घेऊन दोनदा गेलो, दोन्ही वेळा परत पाठवलं. पाण्याला औषधाचा वास मारतो म्हणून.

तिसऱ्या दिवशी अंगणवाडीच्या बाईंनी निरोप दिला, ‘उद्या गावाचा उपास. नांगर बंद, चुली बंद, पाणीसुद्धा नाही. संध्याकाळी रवळनाथाच्या देवळात गाऱ्हाणं.’

माझं धाबं दणाणलं. जुलाबाने सुकलेल्या माणसाने दिवसभर पाणी सोडलं तर काय होतं ते मी पाहिलेलं होतं.

रात्रभर मला पामर्स्टन आठवत राहिला. पटकीचा, म्हणजे कॉलऱ्याचा इतिहास मी आवडीने वाचलेला. १८३१ साली इंग्लंडात पटकी शिरली तेव्हा पुढच्या वर्षी, २१ मार्च १८३२ ला, सरकारी आदेशाने देशभर उपास आणि प्रार्थना झाली. १८५३ मध्ये साथ पुन्हा आली. एडिंबरोच्या धर्मगुरूंनी गृहमंत्री पामर्स्टनला विचारलं, या वेळी राष्ट्रीय उपास ठेवणार का? त्याने कळवलं, आधी गरिबांच्या वस्त्यांतली घाण काढा. हातपाय न हलवणाऱ्या राष्ट्राने कितीही उपास केले, प्रार्थना केल्या, तरी रोग येणारच. हेच गावाला खडसावून सांगायचं ठरवून मी सकाळी निघालो.

देवळाच्या पायरीवर मुख्य मानकरी बसले होते. सगळे त्यांना तात्या म्हणत. मी बोललो, आवाज चढवूनच बोललो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “डॉक्टर, उपास कोणी करूचो नाय, ता सांगा.”

मी सांगितलं. आजारी माणसं, पोरं, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायका, म्हातारी माणसं. त्यांना जलसंजीवनी घोटघोट द्यायची, थांबायचं नाही.

“ह्या मी देवाक सांगतंय. आनी बावीचा काय?”

मी बावीचं सांगायला लागलो तेव्हा ते उठलेच. “आज कोणाच्या हातात नांगर नाय. माणसां घेवा.”

हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. आषाढात, लावणीच्या दिवसांत, एका बावीसाठी दहा माणसं मागितली असती तर मला कोणी दिली नसती. उपासाने सगळी वाडी मोकळी करून ठेवली होती. पामर्स्टन खरं बोलला होता, तरी तो उपास एका बाजूला आणि काम दुसऱ्या बाजूला ठेवून बोलला, असं मला त्या दिवसापासून वाटतं.

शेणाचे ढीग हलले. बावीभोवती चर खणला. कठड्याला जांभ्याचे चिरे बसले. मी काठीने पाणी मोजलं: व्यास तीन मीटर, पाणी पाच मीटर. व्यास गुणिले व्यास गुणिले खोली, त्याला ७८५ ने गुणायचं. पस्तीस हजार लिटर. हजार लिटरला पाच ग्रॅम, म्हणजे पावणेदोनशे ग्रॅम पावडर. तासाभराने ओटी टेस्ट केली. पाण्यात क्लोरीन उरलं असेल तर नळीत पिवळा रंग येतो. रंगच येईना. गढूळ पाणी क्लोरीन खाऊन टाकतं. पुन्हा तेवढीच टाकली.

संध्याकाळी गाऱ्हाणं सुरू झालं. “बा देवा म्हाराजा…” आणि दर वाक्याला शेपन्नास गळ्यांतून “होय म्हाराजा!” मध्येच तात्या म्हणाले, “जे दुखण्यान पडले आसत, त्येंचो उपास आमी बाकीच्यानी धरलो हा, तो मानून घे म्हाराजा!”

“होय म्हाराजा!”

माझ्या अंगावर काटा आला. बायबलमधल्या निनवे शहराच्या राजाने गुराढोरांनाही पाणी तोडलं होतं. उलट रौलट कायद्याविरुद्ध ६ एप्रिल १९१९ ला गांधीजींनी देशाला उपास करायला सांगितला तो चोवीसच तासांचा, कारण मुसलमानांना त्याहून लांब उपास चालणार नाही असा त्यांचा अंदाज होता. त्या सकाळी मुंबईत हजारो लोक चौपाटीवर समुद्रस्नानाला आले, मुसलमानही मिरवणुकीत मोठ्या संख्येने चालले. कोणाला काय झेपेल याचा विचार करून दिवस ठरवणारा माणूस मला त्या देवळात समोर दिसत होता.

उपास सोडायला पाणी बावीचंच आणलं. तात्यांनी विचारलं, “तुमचो पिवळो रंग इलो काय?”

मी नळी कंदिलासमोर धरली. पिवळी होती. बायका तरी पाण्याचा वास घेऊन एकमेकींकडे बघत होत्या.

मीही सकाळपासून काही घेतलं नव्हतं. तात्यांनी तांब्या भरला आणि सगळ्यांच्या आधी माझ्या हातात दिला.