हिमालयनच्या सीटवर मेंढीचं कातडं: बसवून झालं, रेन कव्हर बाकी

मंडळी, माझ्या रॉयल एनफिल्ड हिमालयन ४११ मोटारसायकलच्या सीटचा फोम कुशनवाल्याकडून आधीच नीट करून घेतला होता. माकडहाडाचं दुखणं थांबलं, रेक्झिनचा त्रास मात्र जसाच्या तसा. उन्हात दोन-अडीच तास बसलं की पँट घामाने चिकटते, कापड घासायला लागतं आणि मग सारखं फूटपेगवर (पाय ठेवायच्या दांड्यांवर) उभं राहावं लागतं. यावर लोकरीसारखा दुसरा उपाय नाही. लोकर स्वतःच्या वजनाच्या जवळपास ३० टक्के ओलावा शोषते, तरी हाताला ओली लागत नाही. शिवाय तंतू मुळातच कुरळा, त्यामुळे दबला तरी पुन्हा उभा राहतो. पॉलिएस्टरची फर दिसते तशीच, पण ओलावा घेत नाही आणि लवकर चपटी होते. घोंगडीची घडी मी बरीच वापरली. दख्खनी मेंढीची लोकर राठ आणि टिकाऊ, पण विणलेल्या कापडात उभे तंतू नसतात, हवा खेळत नाही, आणि ब्रेक मारला की घडी सरकते. म्हणून यंदा लोकरीसकट कमावलेलं मेरिनो जातीच्या मेंढीचं कातडं आणलं. लोकर इंचभर ठेवून कातरलेली.

कापायचं ते चामड्याच्या बाजूनेच. सीट काढून कागदावर खाका घेतला, कातडं उलटं करून त्यावर पेनाने उतरवला. कात्री अजिबात नको, कडेची लोकर आखूड होते. नवं ब्लेड घ्यायचं, चामडं थोडं उचलून धरायचं आणि फक्त चामडं कापलं जाईल एवढाच दाब द्यायचा. मग दोन्ही तुकडे हळूच ओढले की लोकर आपोआप सुटी होते. कापण्याआधी लोकरीची दिशा पाहा. हात पुढून मागे नेताना ती बसली पाहिजे. ब्रेकवर अंग पुढे जायला लागलं की तीच लोकर उलटी उभी राहून धरते.

पट्टे थेट कातड्याला शिवले नाहीत. आधी कडेने कॅनव्हासची पट्टी शिवली, नायलॉनचे पट्टे तिला. आरीने भोकं पाडून मेण लावलेला दोरा घातला, टाक्यांत पाच-सहा मिलिमीटर अंतर ठेवलं. याहून जवळ टाके घेतले तर कातडं त्या ओळीवर तिकिटासारखं फाटतं.

खरा मुद्दा पट्टे किती आवळायचे हा आहे. कव्हर सरकू नये म्हणून सगळे ते करकचून ओढतात. चामडं ताणलं की लोकरीची मुळं लांब लांब जातात, दाटपणा जातो आणि आपण पुन्हा चामड्यावरच बसतो. म्हणून सरकणं थांबवायचं काम मी पट्ट्यांना दिलंच नाही. कपाटात अंथरतात ती रबरी जाळी कातड्याखाली घातली. रेक्झिनवर ती घट्ट बसते. पट्टे सीटच्या तळाखालून आडवे घेतले, बोट सहज जाईल इतके सैल. सीटच्या रबरी गुटक्यांवरून किंवा लॉकच्या जिभेवरून पट्टा नेऊ नका, सीट नीट बसत नाही. बकलं प्लॅस्टिकचीच घ्या. सीटखाली बॅटरी आणि वायरिंग असतं, तिथे लोखंडी हूक लोंबकळायला नकोत.

चाचणीला पुणे, सोलापूर, विजयपुरा, होसपेट असा रस्ता धरला. सोलापूर सोडल्यावर सावली कमीच, म्हणून मुद्दाम तोच. भर दुपारी उतरलो तेव्हा पँट कोरडी होती आणि कव्हर जागचं हललं नव्हतं. बसायची जागा किंचित उंच वाटते. सीटच्या मूळ ८०० मिलिमीटर उंचीवर ज्यांचे पाय जेमतेम टेकतात त्यांनी लोकर अर्ध्या इंचाचीच ठेवावी. संध्याकाळी तारेच्या ब्रशने विंचरलं की बसलेली लोकर पुन्हा फुलते.

धुताना एन्झाइमवाली पावडर नको. लोकर हे प्रथिन आहे, प्रथिनाचे डाग खाणारं एन्झाइम तिलाही खातं. कोमट पाणी, लोकरीचा लिक्विड साबण आणि सावलीत वाळवणं. हीटरपुढे किंवा सायलेन्सरवर सुकवलं तर चामडं आकसून कडक होतं. पावसाळ्यात काढून ठेवताना कसर लागू नये म्हणून आधी धुऊन पूर्ण वाळवा, मग डांबरगोळ्या घालून बांधा.

आता रेन कव्हर. जुन्या तंबूचं वरचं कापड काढून ठेवलंय, कडेला इलॅस्टिक ओवायचं आहे. उरलेल्या कातड्यात मागची सीटही बसते, पण तिथे सामान बांधायच्या बंजीचे (लवचिक दोरीचे) हूक लोकरीत अडकतात, त्यामुळे पट्ट्यांची जागा वेगळी काढावी लागेल. ते झालं की मापांसकट पुढची नोंद टाकतो.