नवी शुगर आणि उतरतं वजन

स्वादुपिंडाच्या कॅन्सरसाठी गावोगाव तपासणी शिबिरं घ्यावीत, असं अधूनमधून कुणी सुचवतं. हेतू चांगला, पण हिशोब बसत नाही. शंभरात एकदाच चुकणारी चाचणी धरली, तरी 1 लाख धडधाकट माणसांत हजारेकांना विनाकारण धास्ती, आणि खरे रुग्ण बोटांवर मोजण्याइतके. सीए 19-9 ही रक्ततपासणी तर तेवढीही भरवशाची नाही. पित्तनलिकेत खडा अडकून कावीळ झाली तरी ती वाढते. 5 ते 10 टक्के लोकांत कॅन्सर असूनही वाढतच नाही.

तपासावं ते निवडक माणसांना. एकाच घरातल्या दोघा रक्ताच्या नातेवाइकांना हा आजार झाला असेल, तर त्यांच्या सख्ख्या भावंडांनी आणि मुलांनी पन्नाशीपासून, किंवा सर्वांत तरुण रुग्णाच्या वयाच्या 10 वर्षं आधीपासून, दरवर्षी एमआरसीपी (पित्तनलिका आणि स्वादुपिंडाचा एमआरआय) किंवा एंडोस्कोपिक सोनोग्राफी (तोंडातून दुर्बीण घालून आतून केलेली) करावी. पोटावरून होणारी साधी सोनोग्राफी इथे पुरत नाही. गॅसमुळे स्वादुपिंडाचं शेपूट झाकलं जातं. रिपोर्टात ‘नीट दिसलं नाही’ असं लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ ‘नॉर्मल’ असा घेऊ नये.

खानदेशात जास्त उपयोगाचा गट दुसराच आहे: पन्नाशीनंतर नव्याने शुगर निघालेले. त्यांच्यातल्या शंभरात जेमतेम एकाला तीन वर्षांत हा कॅन्सर निघतो, म्हणून सगळ्यांचा सीटी नको. पण शुगर चढतेय आणि त्याच वेळी वजन उतरतंय, ही जोडी वेगळी; तिथे या कॅन्सरची शंका घ्यावी. घरचे म्हणतात, पथ्य लागू पडलं. डॉक्टरही गोळी वाढवून मोकळे होतात.

आशाताई तिशीपुढच्यांचा फॉर्म भरतात, त्यात वजन घटल्याचा प्रश्न आहे, पण तो टीबीच्या संशयासाठी. घरातल्या आजारांत बीपी, शुगर, हृदयविकार विचारतात, कॅन्सर नाही. धुळे, जळगाव, नंदुरबारच्या एनसीडी क्लिनिकमध्ये (बीपी-शुगरसारख्या असंसर्गजन्य आजारांच्या सरकारी दवाखान्यात) नव्या शुगरवाल्याचं वजन दर भेटीला लिहून मागच्याशी ताडलं, तरी निम्मं काम होईल. खर्च वजनकाट्याचा.

न दुखता झालेली कावीळ, अंगाला खाज, लघवी गडद, शौच पांढुरकं: हीही या कॅन्सरची लक्षणं असू शकतात, पण इथे माळ घालण्यात आणि गावठी औषधात आठवडे जातात. सीटी सांगताना ‘पॅनक्रियाज प्रोटोकॉल’ (खास स्वादुपिंडासाठीची पद्धत) असं चिठ्ठीवर लिहून घ्यावं, आधी क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) बघावं. आणि शक्यतो स्टेंट (अडलेली पित्तनलिका मोकळी करणारी नळी) टाकण्याआधीच सीटी उरकावा. स्टेंटनंतरची सूज आणि धातूची चमक यांत गाठीची हद्द कळत नाही, मग ऑपरेशन होईल की नाही हेच ठरवता येत नाही.