स्थगितीच्या वर्षात निधी वाचवताना: एका सरपंचाचा अनुभव

30 जून 2022 ला मुंबईत नव्या सरकारचा शपथविधी झाला तेव्हा आमच्या ग्रामपंचायतीची तीन कामं तीन वेगवेगळ्या टप्प्यांवर होती. सरकार बदललं की मंजूर निधीचं काय होतं, हे तोवर मी फक्त पेपरात वाचलं होतं.

जानेवारी 2021 च्या निवडणुकीत मी सदस्य म्हणून निवडून आले. सरपंचपद महिलेसाठी राखीव निघालं आणि सदस्यांनी मला पुढे केलं. गाव मराठवाड्यातलं. नाव देत नाही, कारण पुढे ज्या कचेऱ्यांचा उल्लेख येईल तिथली माणसं अजून तिथेच आहेत आणि आमच्या गावाची कामं अजून त्यांच्याकडेच जातात.

तर तीन कामं. पहिलं, ओढ्यावरची मोरी आणि तिच्या दोन्ही बाजूंचा रस्ता, 3054 या लेखाशीर्षातून, म्हणजे रस्ते-पुलांसाठीच्या सरकारी खर्चाच्या खात्यातून. दुसरं, जिल्हा परिषद शाळेच्या दोन खोल्या, जिल्हा वार्षिक योजनेच्या 2021-22 च्या पैशातून. तिसरं, मळ्यातल्या वस्तीकडे जाणारा सिमेंट रस्ता, 2515 मधून. याला आमच्याकडे सगळे ‘पंचवीस-पंधरा’ म्हणतात. ग्रामविकास खात्याचा हा निधी आमदारांच्या शिफारशीवर मिळतो, त्यामुळे सत्ता पालटली की पहिला घाव यावरच बसतो.

शपथविधीला आठवडाही झाला नव्हता, 4 जुलैला नियोजन विभागाचा आदेश आला. 1 एप्रिल 2022 नंतर जिल्हा वार्षिक योजनेत मंजूर झालेली कामं थांबवायची, नवे पालकमंत्री येऊन फेरआढावा घेतील. आमच्या खोल्या आदल्या वर्षातल्या, म्हणून आम्ही निर्धास्त होतो. जुलै संपायच्या आत दुसरा आदेश आला आणि त्यानं तारीखच मागे नेली: 1 एप्रिल 2021 पासून मंजूर झालेल्या, पण कार्यारंभ आदेश (ठेकेदाराला काम सुरू करायला सांगणारा कागद) न दिलेल्या कामांनाही स्थगिती.

पालकमंत्री येणार कधी, तर आधी मंत्री तरी हवेत. महिनाभराहून जास्त काळ राज्यात मुख्यमंत्री आणि उपमुख्यमंत्री असे दोघंच होते. मंत्रिमंडळाचा विस्तार 9 ऑगस्टला झाला, पालकमंत्री जाहीर झाले 24 सप्टेंबरला. जिल्हा नियोजन समितीचा अध्यक्ष म्हणजे पालकमंत्री, सदस्य सचिव म्हणजे जिल्हाधिकारी. अध्यक्षच नाही तर बैठक कसली? जिल्हा परिषद आणि पंचायत समितीवर मार्चपासून प्रशासक बसलेले, म्हणजे दाद मागायला तिथे निवडून आलेलं माणूसही नाही. तालुक्यात लोकांनी निवडलेले असे आम्ही सरपंचच काय ते उरलो होतो.

आमचे ग्रामसेवक भाऊसाहेब जुने जाणते. ते म्हणाले, “ताई, आमदारांकडे नंतर जाऊ. आधी आपला कागद कुठं थांबलाय ते बघू.” सगळ्यात उपयोगी सल्ला हाच ठरला. सरकारी काम ठरावापासून बिलापर्यंत एका रांगेत चालतं: ग्रामसभेचा ठराव, अंदाजपत्रक, प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, निविदा, कार्यारंभ आदेश. स्थगिती यातल्या शेवटच्या पायरीवर येऊन थांबते. कार्यारंभ आदेश हातात असेल तर तुमचं काम वाचलं, नसेल तर अडकलं.

बांधकाम विभागाच्या टेबलावर यादी बघायला मिळाली. आडवा छापलेला कागद, शेवटच्या रकान्यावर ‘कार्यारंभ आदेश दिनांक’. ज्या ओळीत तो रकाना रिकामा, तिथे शिसपेन्सिलीनं बारीक फुली. मोरीपुढे मे महिन्यातली तारीख होती. खोल्यांपुढे फुली. निविदा उघडलेली, सर्वांत कमी दराचा ठेकेदार ठरलेला, फक्त सही राहिलेली. ती सही राहिली कारण जूनमध्ये साहेब रजेवर होते. पंचवीस-पंधराच्या रस्त्याचं तर शासन निर्णयाच्या विवरणपत्रातल्या नावापलीकडे काहीच झालं नव्हतं.

मी लिपिकाला विचारलं, फुली पेनानं का नाही? तो हसला. “मॅडम, पेनानं मारली की खोडताना सही लागते.”

मोरीचं काम वाचलं होतं तरी ठेकेदारानं मजूर काढून नेले. बिल निघणार नाही अशी आवई उठली होती आणि त्याचा सिमेंटवाल्याकडे उधारीचा विषय होता. कार्यकारी अभियंत्यांकडून ‘सदर कामास स्थगिती आदेश लागू होत नाही’ असं एका ओळीचं पत्र घेतलं, ते त्याच्या हातात ठेवलं, तेव्हा मिक्सर परत आला. त्या एका ओळीसाठी जेवढी हाजी हाजी करावी लागली तेवढी मूळ मंजुरीलाही करावी लागली नव्हती.

माझ्या आधीच्या सरपंचांना, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, या सगळ्याचं काहीच नवल वाटलं नाही. नोव्हेंबर 2019 च्या अखेरीस महाविकास आघाडीचं सरकार आलं तेव्हा आदल्या सरकारच्या पंचवीस-पंधराच्या कामांवर हीच वेळ आली होती, आणि तेव्हाही कसोटी कार्यारंभ आदेशाचीच. “तेव्हा त्यांनी अडवली, आता यांनी अडवली,” अण्णा म्हणाले. “वस्तीतली माणसं तीच.” माझंही मत तेच झालंय. दोन्ही बाजूंना आपली स्थगिती म्हणजे फेरआढावा वाटते आणि दुसऱ्याची म्हणजे सूड.

एक गोष्ट मात्र चालू राहिली, ती म्हणजे पंधराव्या वित्त आयोगाचा निधी. तो केंद्राकडून यायचा आणि त्यातला 80 टक्के वाटा थेट ग्रामपंचायतीचा असायचा. पण त्यातला मोठा भाग पाणी आणि स्वच्छतेला बांधलेला. उरलेल्यात दिवाबत्ती होते, नाली होते. शाळेच्या खोल्या होत नाहीत.

खोल्यांची घाई वेगळ्या कारणानं होती. जिल्हा परिषदेला मिळालेला निधी पुढच्या आर्थिक वर्षाच्या अखेरीपर्यंत खर्च करता येतो. म्हणजे 2021-22 चा पैसा 31 मार्च 2023 पर्यंत. त्यानंतर तो शासनजमा. स्थगिती उठेल हो, सगळेच सांगत होते. पण एप्रिलमध्ये उठली तर तिचा आम्हाला काय उपयोग? हे गणित मी ग्रामसभेत फळ्यावर लिहून दाखवलं. 15 ऑगस्टची ग्रामसभा एरवी झेंडावंदनानंतर अर्ध्या तासात उरकते. त्या वर्षी बायका उठायला तयार नव्हत्या, कारण तिसरी-चौथीचे वर्ग समाजमंदिरात भरत होते आणि कुणाकडे लग्न निघालं की शाळेला सुट्टी.

मधल्या काळात दुसरा रस्ताही दाखवला गेला. नव्या सत्तेच्या जवळचे एक पुढारी घरी चहाला आले. बोलणं गोड. “वहिनी, काम अडलंय कुठं? आमच्या पत्रावर परत घेऊ. फक्त मुंबईला कार्यक्रम आहे, त्याला चार गाड्या येऊ द्या.” म्हणजे पक्षप्रवेश. माझे मालक तयार होते, खरं सांगायचं तर निम्मे सदस्यही. मी पत्र मागितलं, गाड्यांचा विषय टाळला. पत्र आलं नाही. शेजारच्या मतदारसंघातल्या काही याद्या मात्र दिवाळीच्या आसपास मोकळ्या झाल्या. तिथल्या सरपंचांना मी दोष देत नाही. गावासाठी गाडीत बसणं आणि स्वतःसाठी बसणं यात फरक आहे, आणि तो बाहेरून ओळखू येत नाही.

आम्ही तालुक्यातले काही सरपंच एकत्र आलो. वेगवेगळ्या पक्षांचे होतो, म्हणून पहिल्या बैठकीत अर्धा वेळ कुणाचं सरकार चांगलं यातच गेला. शेवटी ठरलं की पक्षाचं नाव न काढता कोर्टात जायचं. 1958 च्या कायद्यानं ग्रामपंचायत ही स्वतंत्र कायदेशीर संस्था आहे, तिला स्वतःच्या नावानं दाद मागता येते. प्रत्येक गावानं मासिक सभेत ठराव घेतला: सरपंचाला वकीलपत्रावर सही करण्याचा अधिकार. फी कुठून द्यायची यावर भाऊसाहेबांनी हात वर केले, लेखापरीक्षणात आक्षेप निघेल म्हणाले. मग आम्ही वर्गणी काढली.

वकील तरुण होते आणि भाषणं ऐकून घ्यायला तयार नव्हते. प्रत्येक कामासाठी त्यांना प्रशासकीय मान्यतेची साक्षांकित प्रत, निधी कोणत्या लेखाशीर्षावर मंजूर त्याचा कागद, निविदा कुठवर आली याचा पुरावा आणि काम न झाल्यानं काय अडलंय ते सांगणारं एक पान हवं होतं. शेवटच्या पानावर त्यांचा सगळ्यात जास्त भर. आमच्या मुख्याध्यापकांनी समाजमंदिरातल्या वर्गाचे फोटो तारखेसकट दिले. साक्षांकित प्रत मिळवणं हे खरं कष्टाचं काम. एका कचेरीनं सांगितलं फाइल वर गेली, वरच्यांनी सांगितलं खाली आहे. शेवटी माहिती अधिकाराचा अर्ज लिहून टेबलावर ठेवला, पोच मागितली, तर फाइल त्याच कपाटात सापडली.

उच्च न्यायालयाच्या खंडपीठात जायचं म्हणजे औरंगाबादला (आताच्या छत्रपती संभाजीनगरला) जायचं, आणि तिथं एसटी स्टँडवर आमच्यातल्या एकानं मासलेवाईक गोष्ट काढली. शहराचं नाव बदलण्याचा निर्णय ठाकरे सरकारनं 29 जूनच्या शेवटच्या बैठकीत घेतला. नव्या सरकारनं 16 जुलैला तोच विषय पुन्हा मंत्रिमंडळात आणला, पुढे ‘छत्रपती’ लावलं आणि नव्यानं मंजूर केला. “शहराच्या नावालाही दोनदा प्रशासकीय मान्यता लागली,” तो म्हणाला, “आपल्या मोरीचं काय घेऊन बसलात.”

कोर्टात जाणारे आम्ही एकटे नव्हतो. कोल्हापूरकडच्या ग्रामपंचायती मुंबईला गेल्या होत्या, इतर ठिकाणच्याही होत्या. आमचा मुद्दा साधा होता: पैसा विधिमंडळानं मंजूर केलेल्या अर्थसंकल्पातला आहे, काम नियमानं मंजूर झालंय, मग प्रत्येक कामाचं कारण न देता सरसकट थांबवता कसं येईल? सरकारी वकिलांचं म्हणणं, हा धोरणात्मक निर्णय आहे आणि नुसत्या मंजुरीनं कुणाचा हक्क तयार होत नाही. मला दुसरा मुद्दा ऐकताना राग आला, पण पंचवीस-पंधराच्या रस्त्यापुरता तो खरा ठरेल ही भीतीही वाटली. आमच्या हातात तिथे फक्त यादीतलं नाव होतं.

वर्षअखेरीला चित्र हललं. उच्च न्यायालयानं अशा प्रकरणांत सरकारच्या स्थगितीलाच अंतरिम स्थगिती दिल्याच्या बातम्या आल्या. नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात अजित पवारांनी विषय लावून धरला. फडणवीसांनी त्यांना त्यांच्याच सरकारनं दिलेल्या स्थगितीची आठवण करून दिली. (पुढच्या जुलैत अजित पवार त्याच सरकारात गेले आणि अर्थखातं त्यांच्याकडे आलं. अण्णांनी त्या दिवशी मला मुद्दाम फोन केला.) आमच्या याचिकेतही निविदा झालेल्या कामांचा निधी पुढील आदेशापर्यंत दुसरीकडे वळवू नये, एवढा दिलासा मिळाला.

आदेश मिळाला म्हणजे काम सुरू झालं असं नाही. आदेशाची प्रत घेऊन मीच बांधकामला गेले, मग वित्त विभागाला, मग परत. फाइल जागची हलवायला पत्र लागतंच, मग ते कोर्टाचं का असेना. जानेवारीत खोल्यांच्या कार्यारंभ आदेशावर सही झाली. तोवर सळईचे भाव चढले होते आणि ठेकेदार जुन्या दरानं काम करायला कां कूं करत होता. त्याला गावानं वाळू आणि पाण्याची सोय करून देण्याचं कबूल केलं, तेव्हा तो तयार झाला. फेब्रुवारीत जोते, मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात भिंती. मोजमाप पुस्तिकेत नोंदी करायला शाखा अभियंता रात्री मोटारसायकलवर आले होते, हे मी विसरणार नाही. त्या माणसाला कुणी सांगितलं नव्हतं. मार्चअखेरीला सगळ्यांच्या तोंडी एकच प्रश्न: बीडीएसवर (निधी वाटपाच्या सरकारी संगणक प्रणालीवर) निधी आला का? आमचा आला. बिलाचा मोठा हप्ता 31 च्या आत पडला, स्लॅब एप्रिलमध्ये झाला.

मोरीचं उद्घाटन दोनदा झालं. एकदा माजी आमदारांच्या हस्ते, एकदा चहाला आलेल्या पुढाऱ्यांच्या हस्ते. दोन्ही वेळा नारळ ग्रामपंचायतीनं आणला.

पंचवीस-पंधराचा रस्ता गेला. कोर्टातही त्याला आधार मिळाला नाही आणि पुढे नव्या शासन निर्णयाची यादी आली तेव्हा आमच्या वस्तीच्या जागी वेशीजवळचा तुकडा होता, लांबीही कमी. का, ते कुणी सांगितलं नाही. वेशीजवळ कुणाचं घर आहे ते मात्र गावाला माहीत आहे. वस्तीवरच्या लोकांनी माझ्याशी बरेच दिवस बोलणं टाकलं, आणि मला त्यांची बाजू पटते.

आता दुसऱ्या गावांचे सरपंच विचारायला येतात. त्यांना मी सांगते, भूमिपूजनाची घाई करू नका, कार्यारंभ आदेशाची करा. निवडणूक दिसायला लागली की एकही काम नुसत्या यादीत ठेवू नका. तांत्रिक मान्यता तरी पाठपुरावा करून काढून घ्या. कागदाच्या दोन प्रती गावात ठेवा, एक ग्रामपंचायतीत आणि एक घरी. आणि ज्या सरपंचांच्या पक्षाचं सरकार आहे त्यांच्याशीही बोलणं ठेवा, पुढच्या खेपेला त्यांना तुमची गरज पडते.

वस्तीच्या रस्त्याची मागणी आम्ही पुन्हा केली आहे. ठराव नवा, अंदाजपत्रक चालू दरसूचीचं. मागणीपत्र या वेळी आजी आणि माजी दोन्ही आमदारांना दिलंय आणि दोघांच्या सहीची पोच माझ्याकडे आहे.